कॅसेटवरचं चित्र आणि कॅप्चर कार्डाचा हट्ट : वाचकांचे प्रश्न

जुन्या व्हीएचएस कॅसेट संगणकात उतरवताना कॅप्चर कार्ड, म्हणजे व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं उपकरण, अडून बसतं, अशी पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत. उत्तरं वाचण्याआधी दोन चाचण्या करून घ्या. तीच कॅसेट, त्याच जागी, व्हीसीआर थेट टीव्हीला जोडून पाहा. मग व्हीसीआर बाजूला ठेवून कार्डाला डीव्हीडी प्लेअर किंवा पिवळी पिन असलेला जुना डिजिटल कॅमेरा जोडा. कॅमेऱ्याचं चित्र कार्डातून नीट आलं, तर कार्ड, केबल, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम या चौघांची एका फटक्यात सुटका होते आणि संशय व्हीसीआर नि टेपवर राहतो. नवं कार्ड विकत आणण्याआधी ही पाच मिनिटं खर्च करायला हरकत नाही.

प्रश्न : यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं कॅप्चर कार्ड) संगणकाला दिसतो, प्रोग्रॅम उघडतो, चूक काही दाखवत नाही, पण पडदा काळाच. टीव्हीवर तीच कॅसेट दिसते.

उत्तर : बहुतेक वेळा चुकीचा इनपुट निवडलेला असतो. डोंगलला पिवळी पिन म्हणजे कंपोझिट आणि चार टाचण्यांचा गोल एस-व्हिडिओ असे दोन मार्ग असतात, आणि कोणता घ्यायचा हे त्याला आपोआप कळत नाही. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या प्रोग्रॅममध्ये कॅप्चरच्या खिडकीत व्हिडिओ सोर्स बदला. ओबीएस या प्रोग्रॅममध्ये उपकरणाच्या गुणधर्मांत क्रॉसबार नावाचं बटण असतं, तिथे बदला.

तरीही काळं असेल तर व्हीसीआरच्या मागे बघा. इन आणि आउट शेजारीशेजारी असतात आणि अंधारात हात नेमका इनवर जातो. मग दुसरा एखादा प्रोग्रॅम डोंगल धरून बसला आहे का ते तपासा. एका वेळी एकालाच चित्र मिळतं. विंडोज १० आणि ११ मध्ये आणखी एक पेच आहे : प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये डेस्कटॉप प्रोग्रॅमना कॅमेरा आणि मायक्रोफोन वापरायची परवानगी बंद असली तर काही न सांगता काळा पडदा किंवा मुका आवाज मिळतो. डोंगल संगणकाच्या लेखी कॅमेराच आहे, म्हणून ही परवानगी त्यालाही लागू होते.

पडदा काळा नसून एकसारखा निळा असेल, तर तो निळा रंग बहुधा व्हीसीआरच पाठवतो. सिग्नल कमजोर वाटला की तो चित्र झाकून टाकतो. त्याच्या मेनूत ब्लू बॅक नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. खराब टेप उतरवताना हा पर्याय चालू ठेवणं म्हणजे उरलंसुरलं चित्रही हातानं पुसणं.

प्रश्न : डोंगलबरोबर आलेली सीडी हरवली. दिसायला अगदी तसाच असलेल्या दुसऱ्या डोंगलचा ड्रायव्हर टाकला, पण चालत नाही.

उत्तर : ईझीकॅप या नावानं विकल्या गेलेल्या डोंगलांचं बाहेरचं प्लास्टिक एक आणि आतली चिप वेगळी, हा प्रकार सर्रास आहे. ड्रायव्हर चिपचा असतो, डबीचा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणावर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं जा. तिथे व्हीआयडीच्या पुढची चार अक्षरं वाचा. ईबी१ए असेल तर चिप एम्पिया कंपनीची, ०५ई१ असेल तर सिंटेक, १बी७१ असेल तर फुशिकाई, १सी८८ असेल तर सोमॅजिक. त्या चिपच्या नावानं ड्रायव्हर शोधा.

ड्रायव्हर ३२ बिटांचाच असेल आणि विंडोज ६४ बिटांचं, तर तिथे मार्ग संपतो. कोणतीही युक्ती चालत नाही. ड्रायव्हर ६४ बिटांचा असूनही विंडोज नाकारत असेल, तर कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी त्याला अडवत असण्याची शक्यता असते. रोजच्या वापराच्या संगणकावर ही सुरक्षा काढून टाकू नये. त्यापेक्षा एखाद्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स चढवणं सोपं. एम्पिया, सिंटेकची एसटीके११६० आणि फुशिकाईची यूटीव्ही००७ यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहेत, वेगळं काही टाकावं लागत नाही.

प्रश्न : चित्र येतं, पण कृष्णधवल. कधी कधी खालून वर सरकतही राहतं.

उत्तर : सरकत असेल तर कार्ड टीव्हीच्या चुकीच्या पद्धतीवर आहे. आपल्याकडची पद्धत पाल, अमेरिकेतली एनटीएससी. पालमध्ये ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीमध्ये ५२५ ओळी आणि २९.९७ फ्रेम. अनेक डोंगल बसवल्यावर एनटीएससी धरूनच सुरू होतात. ड्रायव्हरच्या व्हिडिओ डिकोडर या पानावर पाल-बी निवडा आणि फ्रेमचा आकार ७२० बाय ५७६ झाला का ते पाहा. ४८० च राहिला असेल तर बदल लागू झालेला नाही.

चित्र स्थिर आहे पण रंग नाही, तर केबल बघा. एस-व्हिडिओमध्ये उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांतून जातात. पिवळी पिन साध्या जोडाने एस-व्हिडिओच्या भोकात घातली, की उजेडाची तार भरते आणि रंगाची रिकामी राहते. उलट, एस-व्हिडिओची केबल पूर्ण ठीक असूनही रंग गेला असेल तर चारपैकी एखादी टाचणी वाकली आहे का ते भिंगातून पाहा. त्या फार नाजूक असतात.

प्रश्न : परदेशातून आलेली एनटीएससी कॅसेट आमचा व्हीसीआर टीव्हीवर रंगीत दाखवतो. कार्डावर मात्र पाल निवडलं तर चित्र उड्या मारतं, एनटीएससी निवडलं तर रंग जातात.

उत्तर : तुमचा व्हीसीआर दोन्हींच्या मधलं काहीतरी पाठवतो आहे. ओळी ५२५ आणि सेकंदाला ६० फील्ड (फील्ड म्हणजे अर्धी फ्रेम) हे एनटीएससीचं, रंग मात्र पालच्या ४.४३ मेगाहर्ट्झवर. याला पाल-६० म्हणतात. टीव्ही हे मुकाट्यानं पचवतो, कार्डाला सांगावं लागतं. यादीत पाल-६० असेल तर ते निवडा. नसेल तर व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूत एनटीएससी ३.५८ असा पर्याय आहे का पाहा; तो लावून कार्डावर साधं एनटीएससी-एम ठेवा. दोन्ही नसतील तर दुसरा व्हीसीआर मिळवावा लागेल.

प्रश्न : चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो, उभ्या रेषा थरथरतात आणि तासाभरात शेकडो फ्रेम ड्रॉप होतात, म्हणजे गळतात. टीव्हीवर मात्र सगळं उत्तम! मग दोष कार्डाचाच ना?

उत्तर : नाही. आलेल्या पत्रांत हाच गैरसमज सगळ्यात जास्त दिसला, म्हणून जरा सविस्तर.

टेप ही ताणली जाणारी वस्तू आहे आणि व्हीसीआरचा ड्रम फिरणारं यंत्र. पालमध्ये तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यात किंचितही मागेपुढे झालं की प्रत्येक ओळ ठरलेल्या क्षणाच्या थोडी आधी किंवा नंतर सुरू होते. जुना काचेच्या नळीचा टीव्ही ओळीमागे ओळ धावतो, त्यामुळे हे चालवून घेतो. कॅप्चर कार्ड मात्र ठरल्या वेळी मोजमाप करणारं आहे. ओळ उशिरा आली तर ती सरकलेली दिसते. फील्डची सुरुवातच सापडली नाही तर पूर्ण फ्रेम टाकून दिली जाते. वरच्या भागाचं झुकणं हा त्याचाच नमुना. फील्ड संपताना ड्रमवरच्या एका हेडकडून (टेप वाचणाऱ्या टोकाकडून) दुसऱ्या हेडकडे काम जातं, तिथे वेळेचा धक्का बसतो आणि पुढच्या फील्डच्या पहिल्या काही ओळी जागेवर येईपर्यंत तिरक्या राहतात.

यावरचा खरा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर. त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची कामं वेगळी. काही महागड्या व्हीसीआरमध्ये असतो तो ओळींचा : उभ्या रेषा सरळ करतो, झुकलेला माथा बसवतो. वेगळी पेटी मिळते ती फ्रेमची : अख्खी फ्रेम साठवून नव्या सिंकसह (वेळेच्या खुणांसह) पाठवते, म्हणून फ्रेम ड्रॉप होणं थांबतं, पण वाकड्या रेषा ती सरळ करेलच असं नाही. दोन्ही नसतील तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडून पाहा. व्हीसीआर त्याच्या इनपुटला, त्याचा आउटपुट कार्डाला, डिस्क न घालता फक्त तो इनपुट निवडून ठेवायचा. सगळे रेकॉर्डर हे काम करत नाहीत; पण जे करतात त्यांचा फरक पहिल्याच मिनिटात डोळ्यांना दिसतो.

फ्रेम ड्रॉप होण्यात संगणकाचाही वाटा असू शकतो. तो ओळखायचा कसा? तीच कॅसेट दोनदा उतरवा. दोन्ही वेळा त्याच जागी फ्रेम गेल्या तर टेप दोषी. जागा बदलल्या तर संगणक. हिशेब असा : ७२० बाय ५७६, ठिपक्यामागे २ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट आणि तासाला ७५ गिगाबाइट. यूएसबी २.० वर अशा अखंड प्रवाहाची एका उपकरणाची कमाल सेकंदाला २४.५ मेगाबाइटच्या आसपास आहे. डोंगल ती जवळजवळ भरून टाकतो. म्हणून त्याच हबवर बाहेरची डिस्क लावली की दोघांची ओढाताण सुरू होते. डोंगल थेट संगणकाच्या पोर्टात घाला, मागच्या बाजूचं असेल तर उत्तम, आणि साठवण आतल्या डिस्कवर करा. हफवाययूव्ही किंवा लॅगरिथसारखा काही न गमावणारा कोडेक (फाइल आखडण्याची पद्धत) वापरलात की फाइल निम्म्याहूनही लहान होते. डिस्क एफएटी३२ पद्धतीची असेल तर ४ गिगाबाइटला फाइल तुटेल. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या, अर्थात आतला माल आधी हलवून.

प्रश्न : सुरुवातीला आवाज आणि ओठ जुळतात, शेवटी आवाज दीडदोन सेकंद मागे पडतो.

उत्तर : आधी निदान, मग कात्री. फाइलमध्ये तीन जागा शोधा, सुरुवात, मध्य आणि शेवट, जिथे टाळी वाजते, दार आपटतं किंवा भांडं पडतं. प्रत्येक ठिकाणी फरक मोजून लिहा.

तिन्हीकडे फरक सारखाच असेल तर आवाजाचा ट्रॅक तेवढा सरकवला की झालं. सुरुवातीला ०, मध्यावर ०.९, शेवटी १.८ सेकंद असा सरळ चढता असेल तर दोन घड्याळांचं भांडण आहे. डोंगलच्या चित्राचं घड्याळ एक आणि आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून घेतला असेल तर साउंड कार्डाचं दुसरं. तासाला १.८ सेकंद म्हणजे ०.०५ टक्के. आवाज मागे पडतो आहे, म्हणजे तो लांबला आहे. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये त्याचा वेग ०.०५ टक्के वाढवा. सुरात पडणारा फरक कानाला कळणारही नाही. पुढच्या वेळी आवाजही डोंगलच्याच लाल-पांढऱ्या पिनांतून घ्या.

फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढत असेल, दहा मिनिटं सगळं ठीक आणि मग एकदम अर्धा सेकंद, तर त्या जागी फ्रेम गळल्या आहेत. पालमध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे १.८ सेकंद म्हणजे ४५ फ्रेम. चित्र तेवढं आखडलं आणि आवाज मागे राहिला. इथे आवाजाचा वेग बदलून काही साधत नाही, कारण एका जागी जुळवलं की दुसरीकडे सुटतं. घरगुती कॅसेटमध्ये या जागा बहुधा दोन चित्रणांच्या मधल्या कोऱ्या टेपवर असतात. तिथे सिग्नलच नसल्यानं कार्ड हरवतं. सोपा उपाय म्हणजे अशा प्रत्येक कोऱ्या जागी कॅप्चर थांबवून नवी फाइल सुरू करणं. व्हर्च्युअलडबमध्ये गळलेल्या आणि भरलेल्या फ्रेमचे आकडे उजवीकडे दिसत राहतात. पहिली पाच मिनिटं त्यांच्यावर नजर ठेवा, नंतर चहाला जा.

प्रश्न : चित्र दर काही सेकंदांनी उजळतं आणि काळवंडतं.

उत्तर : हे विकत घेतलेल्या चित्रपटाच्या कॅसेटवर होत असेल तर ते कॉपी-संरक्षण आहे. चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या ओळींत जास्त उंचीचे झटके घातलेले असतात. कार्डाचं आपोआप उजेड सांभाळणारं मंडल त्यांना चित्रच समजून फसतं. संरक्षित कॅसेटच्या नकलेबाबत या सदरात मार्गदर्शन करत नाही.

घरी चित्रित केलेल्या कॅसेटवरही असं होतं, आणि मग माणूस चक्रावतो. झिजलेल्या टेपवर त्याच न दिसणाऱ्या ओळींत खरखर येते आणि कार्ड तिलाच संरक्षण समजतं. काही कार्डं तर चित्र घ्यायचंच नाकारतात. आधी व्हीसीआरचं ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेघेवर नेमके बसवणं) जुळवून पाहा, दुसऱ्या व्हीसीआरमध्ये कॅसेट चालवून पाहा. वर सांगितलेली फ्रेमची करेक्टर पेटी इथे हमखास उपयोगी, कारण ती त्या ओळी नव्यानेच तयार करते.

प्रश्न : संगणकावर हालचाल होताना कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेषा दिसतात. कार्ड बदलू का?

उत्तर : मुळीच नको. टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन फील्डची असते, विषम ओळींचा एक आणि सम ओळींचा दुसरा, आणि दोघांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. संगणक दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून कंगवा. उतरवताना काहीही करू नका. ७२० बाय ५७६ तसंच साठवा. फक्त २८८ ओळी घेण्याचा पर्याय निवडलात तर अर्धं चित्र कायमचं जातं. नंतर एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममधल्या बीडब्ल्यूडिफ या गाळणीनं (फिल्टरनं) प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून ५० फ्रेमची प्रत काढा. २५ ची काढली तर हालचालीतला मऊपणा जातो.

फील्डचा क्रम चुकला तर धावणारं मूल दोन पावलं पुढे, एक मागे असं दिसतं. अ‍ॅनालॉग कार्डावर बहुधा वरचा फील्ड आधी असतो, फायरवायरमधून (डिजिटल कॅमकॉर्डरच्या केबलमधून) आलेल्या डीव्ही फाइलमध्ये खालचा. आणि चित्र उभ्या दिशेनं लहानमोठं करायचं असेल तर ते कंगवा काढल्यानंतरच करा. आधी केलंत तर फील्ड एकमेकांत कालवले जातात आणि ते परत वेगळे होत नाहीत.

प्रश्न : आवाज फाटतो. मागे सतत घूं असा सूरही येतो.

उत्तर : फाटणारा आवाज म्हणजे पिन बहुधा माइकच्या भोकात आहे. ते भोक काही मिलिव्होल्टसाठी बनवलेलं, व्हीसीआर त्याच्या कितीतरी पट देतो. लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्यातही माइकच असतो, लाइन-इन नव्हे. डोंगलच्या पिना वापरा. टेप हाय-फाय असेल आणि आवाज फक्त तडतडत असेल, तर व्हीसीआरवर हाय-फायऐवजी साधा मोनो ट्रॅक निवडून पाहा. तो टेपच्या काठावर वेगळा असतो आणि अनेकदा वाचलेला असतो.

घूं हा अर्थिंगचा फेरा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह. चित्रातही रुंद, फिकट पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकताना दिसेल. व्हीसीआरची अँटेनाची किंवा केबल टीव्हीची तार काढा, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. कशानं थांबतो ते कळलं की अर्धं काम झालं. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिला तर आवाजाच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.

प्रश्न : चित्राच्या अगदी खाली फाटक्या रेषांची पट्टी येते.

उत्तर : हेड बदलण्याची जागा. प्रत्येक व्हीएचएस टेपवर असते, टीव्हीच्या चौकटीमागे लपते. कापू नका, शेवटच्या प्रतीत तेवढ्या ओळींवर काळी पट्टी द्या, म्हणजे चित्राचा आकार बिघडत नाही.

प्रश्न : पहिली अर्धी कॅसेट छान उतरली, मग अचानक पूर्ण चित्रावर मुंग्या आल्या. आता दुसऱ्या कॅसेटवरही मुंग्याच.

उत्तर : दुसऱ्या कॅसेटवरही, म्हणजे हेड माखले आहेत. आधी पहिली कॅसेट बाहेर काढा, तिची झडप उघडून खिडकीजवळ धरा आणि रिळाच्या कडेकडे तिरकं बघा. पांढरी, पिठासारखी वलयं दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट पुन्हा कुठल्याच यंत्रात घालू नका. एका कॅसेटची बुरशी यंत्रातून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते.

हेड साफ करायचे तर व्हीसीआरचा प्लग काढून झाकण उघडा. चकचकीत, तिरका बसवलेला ड्रम दिसेल. साबराच्या चामड्याचा तुकडा किंवा स्वच्छ, धागे न सुटणारा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओला करा, ड्रमवर हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हातानं वरून ड्रम फिरवा. फिरवायचा ड्रम, घासायचा कागद नव्हे. वरखाली एकदाही नको, कारण हेडचं टोक केसाएवढं असतं आणि त्याच दिशेनं मोडतं. कानातली कापसाची काडी तर अजिबात नको. तिचा धागा टोकात अडकतो. कागदावर तपकिरी रेघ उमटली म्हणजे मळ निघतो आहे. ती उमटायची थांबेपर्यंत कागदाची जागा बदलत करा, मग अर्धा तास वाळू द्या. पहिल्यांदा चालवून पाहायला गमावली तरी चालेल अशी कॅसेट घ्या.